भागाकार : हिस्सा समजून घेण्याची तालीम

कर्जतहून लोणावळ्याकडे येणारी गाडी बोरघाट चढू लागली की तिला मागून जादा इंजिने जोडावी लागतात. पुढचे इंजिन कमकुवत असते म्हणून नव्हे. चढच असा आहे की एकट्याच्या बळावर तो पार होत नाही. प्राथमिक शाळेच्या गणितातही असा एक घाट आहे आणि त्याचे नाव भागाकार. बेरीज, वजाबाकी, गुणाकार इथपर्यंत मुले कशीबशी येऊन पोहोचतात. भागाकार सुरू झाला की गाडी जागच्या जागी थांबते. ती का थांबली हे न पाहता घरात आणि शाळेत दोन वाक्ये ऐकू येतात : "पोरगं ढ आहे," आणि "मुलींना कुठं गणित येतं?" ही दोन्ही वाक्ये खोटी आहेत, हे सांगण्यासाठी आजचा हा लेख.

आम्ही उर्दू आणि मराठी हे विषय घेऊन बी.एड्. झालो. गणित हा आमचा पदवीचा विषय नव्हे. पण मावळ तालुक्यातल्या छोट्या शाळांत एकाच शिक्षकाला सगळे विषय घ्यावे लागतात, तसे गणितही आमच्या वाट्याला आले. भाषा शिकवणाऱ्याला एक सवय असते. मुलाने चुकीचे वाक्य लिहिले तर तो आधी विचारतो, याला म्हणायचे काय होते? ही सवय आम्ही गणिताच्या वहीलाही लावली, आणि तिने आम्हाला बरेच काही दाखवले.

प्रश्न फक्त आमच्या वर्गाचा नाही. 'प्रथम' ही संस्था ग्रामीण भारतातल्या मुलांच्या घरी जाऊन त्यांचे वाचन आणि गणित तपासते. त्या अहवालाचे नाव 'असर'. उर्दू जाणणाऱ्याला या शब्दाचा अर्थ सांगायला नको. त्यात तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायचे एक उदाहरण असते. २०१८ साली देशातल्या ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी २७.९ टक्के मुलांना ते आले. कोरोनाच्या काळात शाळा बंद राहिल्या आणि २०२२ मध्ये हा आकडा २५.६ वर घसरला. २०२४ च्या अहवालात तो ३०.७ पर्यंत चढला. सुधारणा झाली, अल्हम्दुलिल्लाह; पण याचा साधा अर्थ असा की पाचवीच्या दहा मुलांपैकी सुमारे सात मुलांना आजही हा भागाकार येत नाही. सत्तर टक्के मुले काही ढ नसतात.

त्यात आता आणखी एक गोष्ट आली आहे. पूर्वी आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवले जात नसे. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने नियम बदलला. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. नापास झालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन आणि पुन्हा एक परीक्षा मिळते. त्यातही जमले नाही तर त्याच वर्गात राहावे लागते. नियम चांगला की वाईट यावर मतभेद असतील. पण गरीब घरात, विशेषतः मुलीच्या बाबतीत, 'त्याच वर्गात राहिली' याचा अर्थ पुष्कळदा 'घरी बसली' असा होतो. म्हणून भागाकाराची किंमत आता फक्त गुणांत मोजता येत नाही.

आमच्या वर्गात अशीच एक मुलगी आली. वडील नाहीत. आई लोणावळ्यातल्या एका बंगल्यावर कामाला. मावळातल्याच एका गावाहून मायलेकी इथे राहायला आल्या होत्या. घरात मराठी बोलत, शाळेत उर्दू. पहिल्या चाचणीनंतर आई भेटायला आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "टीचर, पोरीला हिशोब काही जमत नाही. पुढं नापासच होणार असेल तर आत्ताच सांगा. माझ्याबरोबर कामाला तरी येईल." तिच्या बोलण्यात राग नव्हता, थकवा होता. आम्ही तिला बसवले, चहा दिला आणि आठ आठवडे मागून घेतले.

वही काय सांगत होती

त्या मुलीच्या वहीत एक उदाहरण होते : ६१८ ÷ ६. उत्तर लिहिले होते १३. आम्ही तिला म्हटले, "लाल पेन नाही आणलं. तू कसं केलंस ते फक्त मोठ्यानं सांग." ती म्हणाली, "सहात सहा एकदा. मग एक खाली घेतला. एकात सहा जात नाही. म्हणून आठ पण घेतला. अठरात सहा तीनदा." सांगा बरे, यात कोणता विचार चुकीचा आहे? एकच गोष्ट राहिली. 'एकात सहा जात नाही' हे वाक्य तिने तोंडाने म्हटले, पण ते शून्य लिहून कागदावर उतरवले नाही. उत्तर १०३ हवे, झाले १३. जिला एवढे नीट सांगता येते, ती मुलगी ढ कशी?

दुसरे उदाहरण ३५ ÷ ४. उत्तर ७, बाकी ७. म्हणजे चारचा पाढा ती अठ्ठावीसपर्यंत म्हणते, तिथे थांबते आणि उरलेल्या सातातून आणखी एक चार निघतो हे तिच्या लक्षात येत नाही. बाकी नेहमी भाजकापेक्षा लहान असते, हा नियम तिला पाठ होता. तो का असतो, हे कोणी हाताने करून दाखवले नव्हते.

वर्गातल्या सगळ्या वह्या अशा वाचल्या तेव्हा मुले पाच-सहा ठिकाणीच अडतात असे दिसले. पाढा सरळ येतो, पण 'सात कितीदा म्हणजे बेचाळीस' असे उलटे विचारले की पहिल्यापासून म्हणावा लागतो. वजाबाकीत हातचा चुकतो. दशक म्हणजे दहा सुटे, हे अजून मनात बसलेले नाही. शून्य गळते. आणि शाब्दिक उदाहरणात भागायचे की गुणायचे हेच कळत नाही.

आणखी एक अडचण मोठ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. बेरीज, वजाबाकी, गुणाकार हे सगळे आपण उजवीकडून, एककापासून सुरू करतो. एकटा भागाकार डावीकडून, सर्वांत मोठ्या घरापासून सुरू होतो. तीन वर्षे एका दिशेने चालायला शिकवले आणि चौथ्या वर्षी अचानक उलट्या दिशेने चाल म्हटले तर कोणीही अडखळेल. उर्दू शाळेतल्या मुलाची तर दुहेरी कसरत. त्याची अक्षरे उजवीकडून डावीकडे जातात, अंक डावीकडून उजवीकडे. यात मुलाचा काय दोष? त्याला फक्त 'इथे दिशा बदलली आहे आणि या कारणाने बदलली आहे' एवढे सांगावे लागते. कारणही सोपे आहे. घरात पैसे वाटताना आपण आधी नोटा वाटतो, मग सुटे. मोठे आधी वाटले की जे उरेल ते मोडून पुढे वाटता येते.

आठ आठवड्यांची शिडी

रोज पंचवीस मिनिटे आम्ही फक्त यासाठी राखून ठेवली. पाचवीतली जी मुले अडत होती त्यांचा इयत्ता विसरून एक गट केला. मुलाची इयत्ता न पाहता त्याची आजची पातळी पाहून शिकवायचे, ही पद्धत 'प्रथम'ने आपल्याकडे रुजवली. त्यांच्या 'बालसखी' उपक्रमाचा अभ्यास मुंबई आणि वडोदऱ्याच्या शाळांत झाला होता. तो करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. मागे पडलेल्या मुलाला त्याच्या पातळीवरून हात दिला तर ते पुढे येते, हे त्या अभ्यासातून दिसले. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. आमची साधने होती चिंचोके, खराट्याचे हीर आणि रबरबँड.

पहिल्या आठवड्यात पाढे उलटे केले. "आठ चोक बत्तीस" म्हणायचे नाही, "बत्तीसमध्ये आठ किती?" असे विचारायचे. एका गुणाकाराबरोबर दोन भागाकार फुकट मिळतात, हे मुलांना फार आवडले. आठ चोक बत्तीस आले की बत्तीस भागिले आठ आणि बत्तीस भागिले चार ही दोन्ही उत्तरे आली.

दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात पेन्सिलला हात लावू दिला नाही. भागाकाराचे दोन अर्थ असतात आणि मुलांना दोन्ही वेगवेगळे भेटले पाहिजेत. २४ चिक्क्या ६ मुलांना सारख्या वाटल्या, तर प्रत्येकाला किती? ही झाली वाटणी. २४ चिक्क्या आहेत आणि एका पाकिटात ६ भरायच्या, तर पाकिटे किती? हे झाले गट करणे. उत्तर दोन्हीकडे ४, पण हाताची हालचाल वेगळी. पहिल्यात एक-एक चिंचोका फिरवत जायचे, दुसऱ्यात सहा-सहाच्या मुठी उचलायच्या. लोणावळ्यात चिक्कीची पाकिटे कोणत्या मुलाने पाहिली नाहीत? दुसरा अर्थ त्यांना पुस्तकापेक्षा दुकानातून लवकर समजला.

चौथ्या आठवड्यात हिरांच्या जुड्या बांधल्या. दहा हिरांना एक रबर. आता ५२ भागिले ४. पाच जुड्या आणि दोन सुटे हीर. चौघांना एक-एक जुडी दिली, एक जुडी उरली. ती चौघांना कशी देणार? मुले म्हणाली, "रबर काढा." रबर काढले, दहा सुटे झाले, आधीचे दोन मिळून बारा. प्रत्येकाला तीन. म्हणजे एक जुडी आणि तीन सुटे, तेरा. वहीत आपण जो 'पुढचा अंक खाली उतरवतो', तो नेमका हाच क्षण आहे. रबर सुटताना ज्याने पाहिले त्याला ती पायरी पाठ करावी लागत नाही.

पाचव्या आठवड्यात तुकड्या-तुकड्याने भागायला शिकवले. ९६ ला ४ ने भागायचे आहे. चारचे दहा गट उचलले, गेले ४०, उरले ५६. आणखी दहा उचलले, उरले १६. त्यातून चार गट. दहा, दहा आणि चार, उत्तर २४. कोणी धीट मुलगा एकदम वीस गट उचलतो, कोणी भित्री मुलगी पाच-पाच उचलते. उत्तर दोघांचेही बरोबर येते. कमी पाढे येणाऱ्या मुलाला इथे पहिल्यांदा वाटते की आपल्यालाही जमते. हा विश्वास आम्हाला पाढ्यांइतकाच महत्त्वाचा वाटतो.

सहाव्या आठवड्यात नेहमीची उभी मांडणी आली : भागा, गुणा, वजा करा, खाली उतरवा. प्रत्येक अंकाच्या डोक्यावर त्याच्या उत्तराचे घर आधीच आखून ठेवायचे. ६१८ ला घरे तीन. सहाच्या घरात १. एकच्या घरात? "एकात सहा जात नाही, म्हणजे शून्य." घर रिकामे सोडायचे नाही, हा वर्गाचा कायदा झाला. सातव्या आठवड्यात अंदाज आणि पडताळा. पेन्सिल टेकवण्याआधी विचारायचे, उत्तर किती अंकी येईल? सहाशेला सहाने भागले तर शंभर, मग ६१८ चे उत्तर तेरा कसे असेल? आणि शेवटी भाजक गुणिले भागाकार, त्यात बाकी मिळवली की भाज्य परत आले पाहिजे. स्वतःची चूक स्वतः पकडता आली की मूल शिक्षकाच्या तोंडाकडे पाहायचे सोडते.

आठवा आठवडा शाब्दिक उदाहरणांचा. इथे बाकीला अर्थ येतो. ५० मुलांना कार्ल्याची लेणी पाहायला न्यायचे आहे, एका जीपमध्ये ८ मुले बसतात. पन्नास भागिले आठ, सहा आणि बाकी दोन. मग जीप किती? वहीत पुष्कळांनी लिहिले, 'सहा, बाकी दोन'. आम्ही विचारले, "त्या दोघांना इथंच सोडून जायचं?" सगळा वर्ग हसला आणि सातवी जीप आली. तेच ५० लाडू आठ-आठच्या डब्यांत भरले तर भरलेले डबे सहाच होतात, दोन लाडू उरतात. तेच ५० रुपये आठ जणांत वाटले तर प्रत्येकाला सहा रुपये पंचवीस पैसे. आकडे एकच, निर्णय तीन. हा निर्णय माणसालाच घ्यावा लागतो.

तोंडी येते, वहीत का नाही?

याच गटात एक मुलगा होता. पावसाळ्यात शनिवार-रविवारी भुशी धरणाकडे पर्यटकांची रीघ लागते, तेव्हा तो मामाच्या गाडीवर कणसे विकायला उभा असे. सोमवारी बहुधा गैरहजर. वहीत २८० भागिले ७ चे उत्तर त्याने लिहिले ४. आम्ही वही मिटली आणि विचारले, "दोनशे ऐंशी रुपयांत सात कणसं दिलीस, तर एक केवढ्याला पडलं?" तो म्हणाला, "चाळीसला. आणि पाचशेची नोट दिली तर दोनशे वीस परत." एवढे बोलून तो आमच्याकडे असा पाहू लागला, जणू आम्हीच काहीतरी सोपे विचारले.

अशी मुले जगभर आहेत. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. गाडीवर बरोबर हिशोब करणारी मुले तेच आकडे कागदावर आले की चुकत होती. २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांविषयी असाच अभ्यास आला. त्यात उलट बाजूही दिसली. शाळेत जाणाऱ्या ज्या मुलांना कागदावरची उदाहरणे येतात, त्यांना बाजारातला हिशोब तितका जमत नाही. म्हणजे आपण दोन वेगळी गणिते शिकवतो आहोत आणि दोहोंमध्ये पूल बांधायचे राहून गेले आहे. त्या मुलाला आम्ही त्याचाच हिशोब वहीत मांडायला लावला. अठ्ठावीस दशक भागिले सात म्हणजे चार दशक, आणि चार दशक म्हणजे चाळीस. त्याचे शून्य त्यानंतर हरवले नाही. सोमवारी मात्र तो अजूनही कधीकधी हरवतो. हा प्रश्न चिंचोक्यांनी सुटत नाही. त्यासाठी मामाशी बोलावे लागते, आणि ते आम्ही बोलत असतो.

शब्दांचा हिस्सा

भाषेचे शिक्षक असल्यामुळे आम्हाला शब्दांचा मोह आवरत नाही. मराठीत भाज्य, भाजक, भागाकार आणि बाकी. उर्दूत मक्सूम, मक्सूम अलैह, खारिजे-किस्मत आणि बाकी. चौथा शब्द दोन्हीकडे एकच आहे हे मुलांना दाखवले की त्यांचे डोळे चमकतात. हिशोब, जमा, वसूल, हिस्सा हे शब्द मराठीत असे मुरले आहेत की ते बाहेरून आले हे कोणाला आठवतही नाही. आणि उर्दूतली ती 'खारिजे-किस्मत' पाहा. 'किस्मत' हा शब्द मुळात वाटणीचा आहे. तक्सीमही त्याच धातूतून आली. वाट्याला जे आले ती किस्मत. आपल्या मुली जेव्हा "गणित माझ्या किस्मतमध्येच नाही" म्हणतात, तेव्हा आम्ही त्यांना सांगतो की बेटा, किस्मत म्हणजेच गणित आहे.

वाटणीचा हिशोब आपल्या परंपरेत किती महत्त्वाचा आहे हे वाचकांना ठाऊक आहेच. नवव्या शतकात बगदादमध्ये मुहम्मद इब्न मूसा अल्-ख्वारिज्मी यांनी बीजगणितावर ग्रंथ लिहिला, ज्याच्या नावातल्या 'अल्-जब्र'वरून युरोपला 'अल्जिब्रा' हा शब्द मिळाला. त्या ग्रंथाचा मोठा भाग वारसा आणि वसीयत यांच्या वाटणीचा आहे. भारतीय अंकांनी हिशोब कसा करावा यावरही त्यांनी लिहिले. इथले अंक तिकडे गेले, तिथून युरोपात गेले. ज्ञानाची तक्सीम अशीच होते. वाटल्याने ते कमी होत नाही.

आजच्या घरातले उदाहरण घ्या. एक व्यक्ती वारली. कफन-दफन, कर्ज आणि वसीयत हे सगळे वजा जाऊन ४,८०,००० रुपये उरले. मागे पत्नी, एक मुलगा आणि दोन मुली; आई-वडील हयात नाहीत. कुरआनने ठरवून दिल्याप्रमाणे मुले असताना पत्नीचा हिस्सा आठवा. ४,८०,००० भागिले ८ म्हणजे ६०,०००. उरले ४,२०,०००. मुलाला दोन हिस्से, प्रत्येक मुलीला एक, मिळून चार हिस्से. ४,२०,००० भागिले ४, एक हिस्सा १,०५,०००. दोन्ही मुलींना प्रत्येकी १,०५,०००, मुलाला २,१०,०००. पडताळा करून पाहा, बेरीज ४,८०,००० येते. तीन ओळींचा भागाकार आहे. पण ज्या बहिणीला तो येत नाही, तिला कोणीही "एवढाच निघतो" म्हणून एक आकडा सांगतो आणि ती अंगठा उठवते. हक्क किताबात लिहिलेला असतो; तो हातात पडायला हिशोब यावा लागतो.

घरी काय करता येईल

माता-भगिनींनो, यासाठी तुम्हाला स्वतःला गणित यायलाच हवे असे नाही. रमजानमध्ये इफ्तारचे ताट मांडताना मुलाच्या हातात तीस खजूर द्या आणि म्हणा, प्रत्येकाला तीन, तर किती ताटे होतील? दुसऱ्या दिवशी म्हणा, सहा ताटे आहेत, प्रत्येकात किती? भागाकाराचे दोन्ही अर्थ दस्तरख्वानावरच शिकून झाले. कुर्बानीच्या गोश्ताचे तीन वाटे घालताना वजनाचा काटा मुलीकडे द्या. इंद्रायणी तांदळाचे पोते आणले की विचारा, रोज दोन किलो लागला तर किती दिवस पुरेल? जकात काढायची वेळ आली की ८४,००० चा चाळिसावा भाग काढायला सांगा. चाळीस म्हणजे दहा चोक. आधी दहाने भागले, ८,४००. मग चारने, २,१००. मोठा भाजक फोडून लहान करता येतो, ही युक्ती तिला आयुष्यभर पुरेल.

दोन गोष्टी मात्र टाळा. मुलगा अडला की लगेच उत्तर सांगू नका. "कसं केलंस ते सांग" एवढेच म्हणा आणि शेवटपर्यंत ऐकून घ्या. आणि भावाशी, शेजारच्या मुलाशी तुलना करू नका. भीतीने पाढे पाठ होतील, भागाकार होणार नाही. त्यासाठी थांबून विचार करावा लागतो आणि घाबरलेले मूल थांबू शकत नाही.

आता त्या मुलीविषयी. सातव्या आठवड्यात तिची आई पुन्हा शाळेत आली. आम्हाला वाटले निकाल विचारायला आली असेल. पण तिने पदराच्या गाठीतून एक कागद काढला. तिचा महिन्याचा पगार ९,०००. ताप आल्यामुळे चार दिवस खाडा झाला होता आणि बंगल्यावरून २,००० कापून ७,००० हातात पडले होते. रात्री मुलीने चिंचोके न घेता कागदावर मांडले होते. तीस दिवसांचे नऊ हजार. तीसचे शंभर गट, तीन हजार. पुन्हा शंभर, पुन्हा शंभर. एका दिवसाचे ३००. चार दिवसांचे १,२००. कापले २,०००, जादा गेले ८००. खाली पडताळाही केलेला होता. आईने विचारले, "टीचर, हे बरोबर आहे का? बरोबर असेल तरच मी बोलेन." आम्ही कागद दोनदा पाहिला आणि म्हटले, "बरोबर आहे. कागद घेऊन जा आणि आदबीनं बोल." घरमालकिणीने हिशोब पाहिला, आणि पुढच्या महिन्यात आठशे रुपये जास्त आले.

मुलगी पाचवी पास झाली. गुण फार नव्हते. दोन अंकी भाजक आला की ती अजून चाचरते आणि शाब्दिक उदाहरण दोनदा वाचते. सहावीत आहे. कामाला जाण्याचा विषय त्यानंतर आईने काढला नाही. उलट दुसऱ्या भेटीत जाताना ती जे बोलली ते सगळ्या आई-वडिलांपर्यंत पोहोचावे म्हणून इथे लिहितो. ती म्हणाली, "मला वाटायचं, शिकून पोरीला नोकरी लागली तर लागली. आता वाटतं, नाही लागली तरी कुणी तिला फसवणार नाही."

पाचवीतल्या मुलाला भागाकार येतो की नाही हे पाहायला प्रगतिपुस्तकाची वाट पाहू नका. आज संध्याकाळीच मूठभर चिंचोके, शेंगदाणे, काय असेल ते घ्या, मुलांना समोर बसवा आणि वाटायला सांगा. हात कुठे अडतो ते नीट पाहा. जिथे अडेल तिथूनच शिकवायला सुरुवात करायची आहे.